मुदत संपण्यापूर्वी : कोकणी मुसलमानांच्या परदेश-वास्तव्याचा एक विसरलेला अध्याय



परदेश हा शब्द आपल्या समाजाला नवा नाही. रत्नागिरी व रायगड जिल्ह्यांच्या किनारपट्टीतील मोहल्ल्यांत असे घर क्वचितच आढळेल, की ज्यातील एखादा पुरुष दर्यापार गेलेला नाही. कुणाचे पणजोबा केपटाउनला होते, कुणाचे चुलते कुवेतला, तर कुणाचा भाऊ आज दुबईत अथवा रियाधमध्ये आहे. गावातील पक्की घरे, मशिदीचा जीर्णोद्धार आणि पुष्कळ ठिकाणी शाळेच्या इमारतीसुद्धा या परदेशी कमाईतून उभ्या राहिल्या आहेत. या कमाईचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. परंतु ज्या कागदाच्या जोरावर ही माणसे परमुलखात राहिली, त्या कागदाचा इतिहास मात्र आपण सांगत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

परक्या देशात राहणाऱ्या माणसाला दोन घड्याळे सांभाळावी लागतात. एक हातावरचे आणि दुसरे त्याच्या परवान्यावर लिहिलेल्या तारखेचे. पहिले बंद पडले तर दुरुस्त होते. दुसरे थांबले, की नोकरी, दुकान, भाड्याची खोली आणि पुष्कळदा बायकामुलांचा सहवासही एका दिवसात जातो. ही गोष्ट आखाती देशांनी प्रथम शोधून काढली असा आपल्याकडे समज आहे. वस्तुतः आपल्या पूर्वजांनी ती शंभर वर्षांपूर्वी दक्षिण आफ्रिकेत भोगलेली आहे.

केपची वाट

दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोक म्हटले, की नाताळमधील उसाच्या मळ्यांवर करारबद्ध होऊन गेलेले मजूर आपल्या डोळ्यांपुढे येतात. ते मुख्यतः मद्रास व कलकत्ता या बंदरांतून गेले. त्यांच्यामागून स्वतःच्या पैशाने तिकीट काढून गेलेल्या लोकांना तिकडे ‘पॅसेंजर इंडियन’ म्हणत. त्यांत गुजराती व्यापारी पुष्कळ होते. परंतु आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला असलेल्या केपटाउन शहरात मोठा भरणा होता तो कोकणी मुसलमानांचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी व तेव्हाचा कुलाबा हे जिल्हे आणि जंजिरा संस्थान येथील तरुण मुंबईहून बोटीने तिकडे जाऊ लागले. इकडे शेती थोडी, डोंगराळ आणि खोताच्या अमलाखालची; घरात खाणारी तोंडे अधिक; आणि दर्याशी पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख. त्यामुळे जाणे त्यांना जड वाटले नाही.

तिकडे त्यांनी फळांच्या हातगाड्या चालविल्या, किराणा मालाची छोटी दुकाने टाकली, आणि मिळेल ते मजुरीचे कामही केले. डिस्ट्रिक्ट सिक्स या शहराच्या जुन्या, गजबजलेल्या भागात एकेका खोलीत कित्येकजण दाटीवाटीने राहत. बायकामुले गावी असत. काही वर्षे कमवायचे, गावी यायचे, लग्न करायचे, घर बांधायचे आणि पुन्हा जायचे, असा हा येरझारांचा संसार होता. येरझारा हाच ज्या संसाराचा पाया, त्याला परत येण्याचा हक्क हाच जीव की प्राण. कायद्याने नेमका त्याच ठिकाणी हात घातला.

भाषेची चाळणी आणि परमिट

१८९७ मध्ये नाताळच्या सरकारने बाहेरून येणाऱ्यांसाठी एक कायदा केला. त्यात ‘हिंदी माणसाला बंदी’ असे शब्द कोठेही नव्हते. येणाऱ्याने युरोपीय भाषेत अर्ज लिहून दाखवावा, अशी अट होती. केप वसाहतीने १९०२ च्या कायद्यात हीच युक्ती उचलली. उर्दू, मराठी अथवा गुजराती लिहिता-वाचता येणारा माणूस या कायद्याच्या नजरेने निरक्षरच ठरला. पुढे १९०६ च्या केपच्या कायद्यात यहुदी लोकांची यिडिश भाषा युरोपीय म्हणून मान्य करण्यात आली. आपल्या भाषांना मात्र ती जागा मिळाली नाही. विद्यार्थिमित्रांनो, परीक्षा सर्वांना सारखी असे म्हणून प्रश्नपत्रिकाच अशी काढायची, की विशिष्ट मुलांनी नापास व्हावे, त्यातला हा प्रकार होता.

जे आधीपासून तेथे राहत होते त्यांना राहू देण्यात आले. परंतु १९०६ च्या कायद्याने त्यांच्यावर परमिटचे बंधन आले. गावी जायचे असेल तर निघण्यापूर्वी कचेरीत अर्ज करावयाचा, फी भरावयाची, छायाचित्र व बोटांचे ठसे द्यावयाचे आणि तात्पुरत्या गैरहजेरीचे परमिट घ्यावयाचे. त्यावर परत येण्याची मुदत लिहिलेली असे. सुरुवातीला ती साधारण एका वर्षाची असे. पुढे तीन वर्षांपर्यंतची मिळू लागली. मुदतीत जो परतला त्याचा हक्क शाबूत. मुदत टळली, की तो नव्याने येणारा परका ठरे, आणि नव्याने येणाऱ्याला भाषेची चाळणी होतीच. म्हणजे दहा वर्षे तेथे दुकान चालविलेला माणूस, तारीख चुकली, तर बोटीवरून उतरूही शकत नसे.

त्याच सुमारास शेजारच्या ट्रान्सवालमध्ये हिंदी लोकांनी नोंदणीच्या सक्तीविरुद्ध लढा उभारला होता. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्ग येथील एम्पायर थिएटरात सभा झाली. तेथे हाजी हबीब यांनी ईश्वराला साक्षी ठेवून प्रतिज्ञा करण्याचा विचार मांडला, आणि गांधीजींच्या सत्याग्रहाची मुहूर्तमेढ रोवली गेली. १६ ऑगस्ट १९०८ रोजी त्याच शहरातील हमीदिया मशिदीच्या आवारात दोन हजारांहून अधिक नोंदणीपत्रांची होळी करण्यात आली. वरवर पाहता एकीकडे कागद जाळणारे व दुसरीकडे कागद जपणारे असा विरोध दिसतो. तसे नाही. ट्रान्सवालच्या लोकांनी कागद जाळला तो त्यातील अपमानासाठी. केपच्या कोकणी माणसाने कागद जपला तो घरी येण्याजाण्याच्या हक्कासाठी. कागदाची ताकद दोघांनीही ओळखली होती.

मुदतीचा जाच

एक वर्ष म्हणजे पुष्कळ झाले, असे आपणास वाटेल. परंतु हिशेब करून पाहा. केपटाउनहून मुंबईला यायला कित्येक आठवडे आणि परत जायला तितकेच. मुंबईहून गावी जायचे तर किनाऱ्याची बोट, आणि ती पावसाळ्यात बंद. घरी यायचे ते बहुधा लग्नासाठी, आईबापाच्या आजारपणासाठी किंवा जमिनीच्या वादासाठी. यांपैकी कोणती गोष्ट परमिटची तारीख पाहून आटोपते? त्यात त्या काळी प्लेगच्या साथी होत्या. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात उतारूंना बोटीत जागा मिळणेही दुरापास्त झाले.

मुदत वाढवून मागायची तर इंग्रजीत अर्ज लिहायचा, कारण द्यायचे, पुरावा जोडायचा, आणि हे सर्व मुदत संपण्यापूर्वी समुद्रापलीकडे पोचवायचे. कोकणातील खेड्यात असा अर्ज कोण लिहिणार? ज्या मोहल्ल्यात इंग्रजी शिकलेला एकही माणूस नाही, तेथील परवानाधारक अर्ज लिहिणाऱ्याच्या दारी उभा राहणार. त्याने जे लिहिले त्यावर न वाचता अंगठा करणार आणि उत्तर आले तर तेही त्याच्याकडूनच वाचून घेणार. पालकबंधूंनो, या माणसाजवळ पैसा नव्हता असे नाही. परमिटची फी भरण्याइतका पैसा त्याने घाम गाळून मिळविला होता. नव्हती ती फक्त विद्या. पैसा असूनही माणूस किती असहाय होऊ शकतो, हे या उदाहरणावरून कळते.

निकाह न्यायालयात

आता या कायद्याने घरातील स्त्रीला कसे गाठले ते पाहू. पोर्ट एलिझाबेथ येथे राहणारे हसन इसप यांनी भारतात निकाह केला होता. त्यांच्या पत्नी बाई मरियम तिकडे आल्या तेव्हा त्यांना उतरू देण्यात आले नाही. प्रकरण केपच्या वरिष्ठ न्यायालयात गेले. १४ मार्च १९१३ रोजी न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला, की ज्या धर्माच्या रीतीप्रमाणे एकाहून अधिक पत्नी करता येतात, त्या रीतीने झालेला विवाह कायद्याच्या दृष्टीने पत्नीचा दर्जा देत नाही.

या एका निकालाने दक्षिण आफ्रिकेतील हिंदू, मुसलमान व पारशी अशा सर्वच हिंदी स्त्रियांच्या विवाहावर प्रश्नचिन्ह लागले. काल जी घरची मालकीण होती तिला आज कायदा पत्नी मानीत नव्हता. तोपर्यंत लढ्यात नसलेल्या स्त्रिया यामुळे पुढे आल्या. सप्टेंबर १९१३ मध्ये तुरुंगात गेलेल्या पहिल्या तुकडीत कस्तुरबा गांधी होत्या. त्यानंतर खाणींतील व मळ्यांवरील हजारो मजुरांनी संप केला. अखेर १९१४ च्या हिंदी लोकांच्या दुःखनिवारणाच्या कायद्याने, इंग्रजीत ज्याला ‘इंडियन्स रिलीफ अ‍ॅक्ट’ म्हणतात, रहिवाशाच्या एका पत्नीला आणि तिच्यापासून झालेल्या अल्पवयीन मुलांना मान्यता दिली. अंगठ्याचा ठसा असलेला रहिवासाचा दाखलाही पुरावा म्हणून ग्राह्य ठरला.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. हा निकाल एका गृहस्थाने न्यायालयात दाद मागितली म्हणून झाला, आणि तो बदलला तो सर्व जातिधर्मांचे लोक एकत्र उभे राहिले म्हणून. एकट्या माणसाचा अर्ज फेटाळता येतो. समाजाचा आवाज फेटाळणे अवघड जाते.

सोळा वर्षांचा मुलगा

१९१३ साली सर्व दक्षिण आफ्रिकेसाठी नवा कायदा झाला आणि त्याखाली आशियाई माणसांना नव्याने येण्याची वाट जवळपास पूर्ण बंद झाली. आता इंग्रजी येऊनही भागेना. उघडा राहिला तो एकच दरवाजा : आधीपासूनच्या रहिवाशाची पत्नी व सोळा वर्षांखालील मुले. साहजिकच सर्व भार दोन प्रश्नांवर आला. हा मुलगा खरोखर याचाच आहे काय? आणि याचे वय किती?

त्या काळी कोकणातील खेड्यात जन्माची नोंद कोण नीट ठेवीत होते? मुलगा ‘मोठ्या पुराच्या साली’ किंवा ‘अमक्याच्या लग्नाच्या आधी’ जन्मला, एवढीच आठवण. तिकडे अधिकारी बापाला व मुलाला वेगवेगळे बसवून प्रश्न विचारीत : घराला खोल्या किती, विहीर कोणत्या बाजूला, शेजारी कोण, आजोबा हयात आहेत काय. वर्षानुवर्षे परदेशी राहिलेल्या बापाची व त्याला फारसे न पाहिलेल्या मुलाची उत्तरे जुळली नाहीत, तर खरा मुलगाही खोटा ठरण्याची भीती होती. पुढे भारतातील सरकारी अधिकाऱ्याकडून नात्याचा दाखला आणण्याची पद्धत आली.

आणि येथेच एक कटू सत्यही सांगितले पाहिजे. सरळ वाट बंद झाली तेव्हा काहींनी वाकडी वाट धरली. पुतण्याला, भाच्याला किंवा गावच्या एखाद्या मुलाला स्वतःचा मुलगा म्हणून नेण्याचे प्रकार झाले. केपच्या परमिट पद्धतीचा सखोल अभ्यास इतिहासकार उमा धुपेलिया-मेस्त्री यांनी केला आहे, आणि ‘खोटे बाप व खोटे मुलगे’ हा त्यांच्या संशोधनाचा एक विषयच आहे. अन्यायी कायद्यापुढे गरिबाने केलेली ही धडपड आपण समजू शकतो. परंतु तिची किंमत काय पडली? असा मुलगा आयुष्यभर दुसऱ्याच्या नावाने जगला. त्याच्या मुलांच्या नावापुढे तेच आडनाव लागले. खऱ्या बापाचे नाव घेण्याची चोरी झाली. आणि एका खोट्या प्रकरणामुळे पुढच्या दहा खऱ्या मुलांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले.

दरवाजा बंद झाला

डिसेंबर १९२६ व जानेवारी १९२७ मध्ये केपटाउनला हिंदुस्थान व दक्षिण आफ्रिका या दोन सरकारांची परिषद भरली. आपल्या शिष्टमंडळाचे प्रमुख सर मुहम्मद हबीबुल्ला होते. तिच्यातून केपटाउन करार झाला व श्रीनिवास शास्त्री हे हिंदुस्थान सरकारचे पहिले एजंट म्हणून तिकडे गेले. परंतु त्याच वर्षीच्या कायद्याने सलग तीन वर्षे बाहेर राहिलेल्याचा रहिवासाचा हक्क जाईल, आणि अल्पवयीन मुलाला आणायचे तर आई हयात असेपर्यंत तिच्यासोबतच आणावे लागेल, असेही ठरले. पैसा तिकडे आणि घर इकडे, ही जुनी रीत आता चालणार नव्हती. ज्याने घरच्यांना वेळेवर नेले तो तेथे स्थायिक झाला. ज्याने ‘पुढच्या खेपेला पाहू’ म्हटले त्याच्या घराचे कायमचे दोन तुकडे झाले.

१९४६ मध्ये वर्णभेदाच्या निषेधार्थ हिंदुस्थानने दक्षिण आफ्रिकेशी व्यापारसंबंध तोडले. १९५३ मध्ये तिकडच्या सरकारने भारतातून पत्नी व मुले आणण्याचा उरलासुरला हक्कही काढून घेतला. आपल्या पासपोर्टावर दक्षिण आफ्रिका वगळून इतर देशांसाठी ग्राह्य, अशा अर्थाचा मजकूर कित्येक वर्षे छापला जात असे, हे वयस्क वाचकांना आठवेल. वर्णभेदाविरुद्धची ती भूमिका योग्यच होती. परंतु केपला नातलग असलेल्या कोकणी घरांना त्या ओळीचा अर्थ इतरांपेक्षा अधिक जवळून कळत होता. दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध पुन्हा सुरू झाले ते १९९३ साली. केपटाउनमध्ये आजही कोकणी बोलणारी मुसलमान घराणी आहेत, आणि त्यांच्या बोलीचा भाषाशास्त्रज्ञांनी अभ्यास केला आहे. शंभर वर्षांपूर्वी गेलेली बोली तेथे टिकली; इकडच्या व तिकडच्या भावंडांच्या ओळखी मात्र पुष्कळ ठिकाणी पुसल्या गेल्या.

परमिट गेले, इकामा आला

केपची वाट बंद झाली आणि काही वर्षांत आखाताची वाट उघडली. विशेषतः १९७३ नंतर तेलाचे भाव चढले तेव्हा आपल्या गावांतून तरुणांची रीघ लागली. देश बदलला, भाषा बदलली. कागदाचा न्याय मात्र फारसा बदलला नाही. सौदी अरबस्तानचा परकीयांच्या वास्तव्याचा कायदा १९५२ चा, कुवेतचा १९५९ चा, आणि संयुक्त अरब अमिरातीचा पहिला कायदा १९७३ चा. कुवेत व अमिरातीने ते अलीकडे नव्याने केले आहेत. परंतु मूळ कल्पना तीच राहिली : राहण्याचा परवाना ठराविक मुदतीचा, तो नोकरीशी बांधलेला, आणि नोकरी कफिलाशी म्हणजे जामीन राहणाऱ्या मालकाशी बांधलेली.

इकामा या शब्दाचा अर्थच मुळी मुक्काम. मुक्काम आहे, वतन नाही. अमिरातीत व कुवेतमध्ये राहण्याचा परवाना असलेला माणूस सलग सहा महिन्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहिला, तर त्याचा परवाना सामान्यतः रद्द होतो. केपच्या परमिटचीच ही नवी आवृत्ती नव्हे काय? सौदीत सुटीवर जाणाऱ्याला खुरूज-औदा, म्हणजे जाण्यायेण्याचा व्हिसा, घ्यावा लागतो. त्याच्या मुदतीत न परतणाऱ्यावर तीन वर्षांची प्रवेशबंदी असे, ती २०२४ च्या जानेवारीत उठविण्यात आली. २०२० मध्ये करोनाच्या साथीत विमाने बंद पडली आणि सुटीवर आलेल्या कित्येकांची मुदत गावी बसल्या बसल्याच संपली. निरनिराळ्या सरकारांना तेव्हा खास सवलती जाहीर कराव्या लागल्या. ज्यांनी त्या सवलती वाचल्या व वेळेत अर्ज केले, त्यांचे काम झाले. ‘कोणीतरी सांगेल’ म्हणून थांबलेल्यांच्या नोकऱ्या गेल्या.

आजच्या ‘खोटे बाप, खोटे मुलगे’ या प्रकाराचे नाव आहे ‘आझाद व्हिसा’. एखाद्या कफिलाच्या नावावर व्हिसा विकत घ्यायचा आणि काम दुसरीकडे करायचे. कायद्याच्या पुस्तकात आझाद व्हिसा नावाचा कोणताही व्हिसा नाही. ज्याच्या नावावर माणूस गेला तेथे तो काम करीत नाही, आणि जेथे काम करतो तेथे त्याचे नाव नाही. २०१३ साली सौदीत तपासणी कडक झाली तेव्हा अशा लोकांची धावपळ उडाली. नोव्हेंबरपर्यंत कागद नियमित करा अथवा परत जा, असा त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला. अमिरातीने १९९६, २००७, २०१८ व २०२४ या वर्षी मुदतबाह्य राहिलेल्यांना माफी देऊन बाहेर पडण्याची अथवा कागद दुरुस्त करण्याची संधी दिली. परंतु माफीच्या भरवशावर कोणी संसार मांडू नये. अमिरातीत मुदतीबाहेरच्या प्रत्येक दिवसाला ५० दिरहॅम दंड २०२२ मध्ये ठरविण्यात आला. एका महिन्याचे १,५०० दिरहॅम होतात. साध्या कामगाराचा महिन्याचा पगार कित्येकदा एवढाच असतो.

दहावीच्या दाखल्याची किंमत

आता आपल्या देशाकडे वळू. परदेशी जाणे हा नागरिकाच्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये सतवंत सिंग साहनी यांच्या खटल्यात सांगितले, आणि त्याच वर्षी पासपोर्टचा नवा कायदा झाला. या कायद्याप्रमाणे पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता आहे. म्हणजे परदेशातील मालकाने तो कुलपात ठेवून घेणे हा त्याचा हक्क होऊ शकत नाही. पुढे १९८३ साली कामगारांच्या संरक्षणासाठी परदेशगमनाचा कायदा झाला.

या कायद्याखालील व्यवस्थेत एक गोष्ट अशी आहे, की जी प्रत्येक पालकाने भिंतीवर लिहून ठेवावी. दहावी उत्तीर्ण नसलेल्या माणसाच्या पासपोर्टाला सामान्यतः ‘ईसीआर’ हा दर्जा मिळतो. अशा माणसाला आखातासह ठराविक १८ देशांत नोकरीसाठी जाताना ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. दहावी उत्तीर्ण झालेल्याला ती लागत नाही. ही मंजुरी कमी शिकलेल्या माणसाची फसवणूक होऊ नये म्हणून आहे, आणि तिच्यासोबत विम्याचे संरक्षणही येते. म्हणून ती चुकवू नये. परंतु सरकारनेच मान्य केलेला त्यातील अर्थ पाहा : जो शिकला नाही त्याच्या रक्षणासाठी दुसरा माणूस नेमावा लागतो, जो शिकला तो स्वतःचे रक्षण करू शकतो, असे कायदा गृहीत धरतो. नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून ३०,००० रुपये व त्यावरील कर, एवढीच फी घेण्याची मुभा नियमाने दिली आहे, हेही ज्याने वाचले नाही तो लाखाची रक्कम निमूटपणे मोजतो.

शिक्षक या नात्याने आणखी एक गोष्ट सांगतो. कोणत्याही शाळेचे जुने जनरल रजिस्टर उघडा. कितीतरी मुलांची जन्मतारीख १ जून अशी आढळेल. मुले काही सगळी जूनमध्ये जन्मली नव्हती. दाखला नव्हता, शाळा जूनमध्ये सुरू होत होती, गुरुजींनी वयात बसेल अशी तारीख घातली आणि पालकांनी मान डोलावली. नावांचेही तसेच. शाळेत महंमद, आधारवर मोहम्मद, निकाहनाम्यात मुहम्मद. पत्नीचे नाव शाळेत वडिलांकडचे आणि पासपोर्टात पतीकडचे. मोहल्ल्यात याने काही बिघडत नाही. परंतु परक्या देशाच्या खिडकीमागे बसलेला कारकून अक्षर न्‌ अक्षर ताडून पाहतो. बायकोला बोलावून घ्यायचे तर निकाहाचा दाखला प्रमाणित करून लागतो, मुलांना न्यायचे तर जन्मदाखला लागतो. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या पासपोर्टासाठी तर जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच ग्राह्य धरण्याचे ठरले आहे. केपच्या बंदरावर ‘हा मुलगा कोणाचा व वय किती’ हे दोन प्रश्न विचारले जात होते. शंभर वर्षांनंतरही प्रश्न तेच आहेत. फक्त आता त्यांचे उत्तर मूल जन्मते त्याच आठवड्यात, ग्रामपंचायतीच्या अथवा नगरपालिकेच्या कचेरीत, तयार करून ठेवता येते.

शेवटी इतकेच

या इतिहासातून आपण काय घ्यावे? पहिली गोष्ट, कागद स्वतः वाचावा. पासपोर्ट, व्हिसा, इकामा आणि नोकरीचा करार, या चारही कागदांच्या तारखा वेगवेगळ्या असतात. त्या एका वहीत लिहून त्या वहीची एक प्रत घरच्या स्त्रीजवळ असावी. पासपोर्टाची मुदत सहा महिन्यांहून कमी उरली, की अनेक ठिकाणी पुढची कामे अडतात. म्हणून नूतनीकरणासाठी शेवटच्या महिन्याची वाट पाहू नये. दुसरी गोष्ट, नाव आणि जन्मतारीख शाळेत घालताना ती मुलाच्या पुढील साठ वर्षांसाठी घालीत आहोत हे लक्षात असू द्यावे. तिसरी गोष्ट, मुलीलाही तितकेच शिकवावे. बाई मरियम यांचा निकाह न्यायालयात गेला तसा आजही कागदाअभावी अनेक भगिनींचा संसार दोन देशांत विभागलेला राहतो. पती परदेशी असताना गावी कचेरीची पायरी चढावी लागते ती तिलाच.

आपल्या धर्माने हे सांगितलेले नाही असे नाही. कुरआनमधील सर्वांत दीर्घ आयत, सूरह बकरामधील २८२ वी, नमाज-रोजाविषयी नसून देण्याघेण्याचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवण्याविषयी आहे. लिहिणारा न्यायाने लिहिणारा असावा आणि साक्षीदार असावेत, असा तिचा आशय आहे. व्यवहार, मुदत आणि लेखन यांना ज्या ग्रंथाने एवढी जागा दिली, त्याच्या अनुयायांनी न वाचता सही करावी हे शोभत नाही.

केपला गेलेल्या आपल्या पूर्वजांपुढे असलेला कायदा अन्यायी होता, आणि नुसत्या साक्षरतेने तो बदलला नसता. त्यासाठी एकी लागली, तुरुंगवास लागला. परंतु त्या अन्यायी कायद्यातही जो परमिटावरील तारीख वाचू शकत होता तो वेळेवर बोटीत बसू शकत होता. त्यांच्या गावात शाळा नव्हत्या. आपल्या गावात त्या आहेत, आणि त्यांपैकी कित्येक त्यांनीच पाठविलेल्या पैशातून उभ्या आहेत. ज्यांना स्वतःचा अर्ज लिहिता आला नाही त्यांनी आपल्यासाठी फळा आणि बाके पाठविली. तेव्हा पालकहो, नववीतून मुलाचे नाव काढून त्याला व्हिसाच्या रांगेत उभे करण्यापूर्वी एक वर्ष थांबा. दहावीचा दाखला हातात पडू द्या. व्हिसाची मुदत वाढवून मिळते. शाळेतील वर्षे पुन्हा वाढवून मिळत नाहीत.